दादाची बाजू

डायलिसिसच्या खोलीबाहेर भिंतीवर एक टीव्ही आहे. त्याचा रिमोट कधीचाच हरवलाय, त्यामुळे बातम्यांच्या ज्या चॅनलवर तो अडकला तिथंच आहे. आत आमची माणसं मशीनला जोडलेली असतात आणि बाहेर बाकड्यांवर आम्ही बायका, भाऊ, मुलगे बसून असतो. पडद्यावर चार चौकटींत चार माणसं भांडत असतात. सरकारनं विम्याचं कार्ड द्यावं की दवाखाने बांधावेत, धरणाचं पाणी शेतीला द्यावं की कारखान्याला, विकास आधी की जंगल आधी. आमच्यातलं कुणी त्यावर बोलत नाही. एकदा शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला विचारलं, "बाई, हे लोकं कोनाच्या घरचं भांडून राह्यले?"

मी म्हटलं, "आपल्याच."

"मंग आपल्याले काऊन नाई बोलावलं?"

मला एकदा बोलावलं होतं. त्याचीच ही हकिगत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं माहेर सोनाळ्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. सासर त्याच तालुक्यात, पण खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. जीपनं तासाभराचीही वाट नाही, पण खाली उतरलं की पाणी बदलतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी वरण लावलं तर डाळ शिजेना. मला वाटलं डाळ जुनी आहे. सासूबाई चुलीजवळ येऊन म्हणाल्या, "डायीचा दोष नाई व, पान्याचा हाय. रातीच भिजू घालत जा." साबणाला फेस येत नव्हता. घागर घासून पालथी घातली तरी वाळल्यावर तिच्यावर पांढरे पट्टे उमटायचे. चहा कसातरीच लागायचा. महिन्याभरानं मला चहा चांगला लागायला लागला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झाली तू आमची."

मला एकच भाऊ, थोरला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. वडील गेल्यावर घर, संत्र्याचा बगिचा आणि माझं लग्न, सगळं त्यानंच पाहिलं. बगिचा धरणाच्या पाटावर. धरण आमच्या लहानपणी झालं आणि त्या पाटानं आमचं घर उभं केलं, हे दादा कधी विसरला नाही. दिवाळीला दुसऱ्यांचे भाऊ साडी घेऊन येत, माझा भाऊ जीपमध्ये पाण्याचे कॅन भरून यायचा. साडी आणायचाही, पण ती कुणी पाहायचं नाही. शेजारच्या बाया हातात गडवा घेऊन दारात उभ्या राहायच्या. दादा एकेकीला ओतून द्यायचा आणि म्हणायचा, "प्या, माहेरचं पानी हाय."

आता नवऱ्याविषयी. घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही, म्हणून इथंही 'हे' असंच लिहिते. यांचं स्टँडजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान. बोअरमधल्या मोटारी जळाल्या की लोक यांच्याकडे आणत, आणि पुष्कळदा हेच शेतात जाऊन मोटर काढत, बसवत. दिवसभर ऊन, आणि तहान लागली की त्याच बोअरचं पाणी. हातानं काम आणि तोंडानं चर्चा. दुकानात मोटार कमी आणि माणसं जास्त असायची. कापसाचा भाव असो, नोटाबंदी असो, रस्त्याचं काम असो, यांना दोन्ही बाजू मांडता यायच्या. समोरचा हो म्हणाला की हे लगेच बाजू बदलायचे. मला त्याचा राग यायचा. "तुमचं स्वतःचं मत काय?" असं विचारलं की म्हणायचे, "थे घरी ठेवलं हाय, तुयापाशी."

मग पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली फुगायचं. जिना चढताना थांबायचे. आम्ही दमा समजलो, मग हृदय समजलो, शेवटी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. गावात हे नवीन नव्हतं. आमच्या आळीत यांच्या आधीही याच दुखण्यानं माणसं गेली होती, त्यांच्या अंत्ययात्रेत हेच खांदा द्यायला पुढं असत. डॉक्टर नेमकं कारण सांगत नाहीत. पाणी असेल, अंगदुखीच्या गोळ्या असतील, साखर असेल, सगळं मिळून असेल, असं म्हणतात. गावाला मात्र शंका नाही.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सरकारी योजनेचं कार्ड होतं, त्यामुळे उपचार फुकट. हे खरंच आहे आणि मी ते कुणाहीसमोर सांगेन, त्या कार्डावर माझा नवरा जगला. पण त्या कार्डाच्या वाटेवर जे आहे ते कुणी विचारत नाही. यांचा अंगठा तांब्याच्या तारांनी इतका घासलेला की ठसा घेणारं मशीन तो ओळखतच नसे. तिथला पोरगा म्हणायचा, "काका, हात पुसा. परत ठेवा. दुसरा ठेवा." पहाटेची एसटी, मग बाकडं, मग अंगठा, मग चार तास मशीन, मग परतीच्या गाडीत हे माझ्या खांद्यावर. मी शाळेतून रजा काढायची, रजा संपल्या की बिनपगारी. डाव्या हाताची नस डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली, तिच्यावर हात ठेवला तर आत काहीतरी सारखं घरघरतं. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोटर चालू हाय. घाबरू नोको."

परतताना एसटीत यांना भोवळ आली, तेव्हापासून दादा येऊ लागला. दवाखान्याच्या गावी संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडं त्याचं जाणं असायचंच. डायलिसिसच्या दोन दिवसांपैकी एक दिवस तो आम्हाला जीपमधून न्यायचा आणि काम उरकून परत आणायचा. गाडीत हे दोघं पुढं, मी मागं. जाताना हे बोलायचे, येताना दादा बोलायचा आणि हे डोळे मिटून ऐकायचे.

असं चाललेलं असताना धरणाच्या पाण्याची योजना आली. धरणातून पाइपलाइन टाकून खारपाणपट्ट्यातल्या गावांना प्यायचं पाणी द्यायचं. खालच्या गावांना वाटलं, आता सुटलो. वरच्या गावांना वाटलं, पाट गेला. मोर्चे निघाले, दोन्हीकडचे. वरच्या गावांनी एक समिती केली आणि दादाला तिच्यात पुढं केलं, कारण त्याला बोलता येतं आणि तो चिडत नाही. खालच्या गावांच्या समितीत हे होते, त्याच कारणानं.

मी एकदा राखीला माहेरी गेले तेव्हा दादाशी बोलले. वहिनी आत स्वयंपाक करत होती. दादा ओट्यावर बसला होता.

मी म्हटलं, "दादा, तू पाण्याले विरोध करून राह्यला म्हणे."

"पान्याले नाई, बाई. माह्या पान्याले हात लावाले विरोध करून राह्यलो."

"तू यांना दवाखान्यात नेतोस. तुला दिसत नाही का?"

"दिसते. म्हणूनच नेतो." "हे पाय, मागच्या दोन सालांत पाटाचं पानी शेवटच्या पाळीले आलंच नाई. माह्या खालच्या लोकाईचे दोन बगिचे वायले. आता त्याच्यातूनच अजून काढतो म्हनतात. धरन भरते तवा सगळेच राजे, नाई भरलं तर? पयले कोनाचा नळ बंद होईन? कोनाचाच नाई. पाट बंद होईन. आन पाट जागोजागी फुटला हाय, नाल्यात पानी चाललं, थे दुरुस्त करा म्हनलं तर कोनी आयकत नाई."

"पण लोक मरतात, दादा."

"दवाखान्याचं तर सरकारनं करूनच देल्लं ना. कार्ड हाय, फुकट हाय. बगिच्याचं कार्ड आमाले कोन देईन?"

आतून वहिनी म्हणाली, "जेवून घ्या आधी." मी जेवले. त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही आणि त्याचं पटलंही नाही. जाताना त्यानं नेहमीसारखे कॅन एसटीत चढवून दिले.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हे चिडतील. हे म्हणाले, "भाऊ बरोबरच बोलून राह्यले. मी तिथं असतो तर हेच बोललो असतो."

"मग तुम्ही काय बोलणार?"

"मी इथं हाय ना. मी इथलं बोलीन."

पुढं तालुक्याला मोठी चर्चा ठरली. निर्णय घ्यायच्या आधी सगळ्यांचं ऐकायचं, असं प्रशासनानं ठरवलं होतं. एका मंगल कार्यालयात ती ठेवली. आधी बाहेरून आलेले तज्ज्ञ बोलणार, मग वरच्या गावांकडून एक, खालच्या गावांकडून एक. वरून दादा, खालून हे. गावात लोक गमतीनं म्हणत होते, साळा-भाटव्याची, मेहुण्यामेहुण्यांची कुस्ती आहे.

त्याच आठवड्यात आमच्या दवाखान्यातलं मशीन बंद पडलं. "दुरुस्तीवाला येईन, फोन करतो," असं सांगून सगळ्यांना परत पाठवलं. आधीही असं झालं होतं, एखादा दिवस इकडेतिकडे. मी यांना म्हटलं, तुम्ही चर्चेला जाऊ नका. हे ऐकायला तयार नव्हते. "बसूनच तर राहाचं हाय. घरी बसलो काय आन तिथं बसलो काय." पाणी मोजूनच प्यायचे, जेवणही कमी केलं होतं. सकाळी चेहरा सुजलेला होता, पण रोजच थोडा असायचा. आम्ही गेलो.

मंगल कार्यालयात मंचावर नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सरकवून टेबल मांडलं होतं. लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसतो तसे वरचे लोक डाव्या हाताला, खालचे उजव्या हाताला बसले. दादा समोरच्या रांगेत डावीकडं, आम्ही उजवीकडं. त्यानं मान हलवून आम्हाला रामराम केला.

आधी योजनेचे एक साहेब बोलले. कार्डामुळे गरिबाला केवढा आधार झाला, डायलिसिसची केंद्रं कशी वाढली, हे त्यांनी सांगितलं. त्यांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. मग मोठ्या शहरातून आलेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलले. त्यांचं म्हणणं असं की पाणी जिथं जास्त उत्पन्न देतं तिथं वापरलं पाहिजे, आणि प्यायच्या पाण्यासाठी गावोगावी शुद्धीकरणाची यंत्रं बसवणं पाइपलाइनपेक्षा परवडतं. मग पर्यावरणाचं काम करणारे एक गृहस्थ उठले. ते म्हणाले, त्या यंत्रांतून बाहेर पडणारं खारं पाणी तुम्ही नाल्यात सोडता, ते परत जमिनीतच जातं. बोअर खोल जातात तसं पाणी आणखी खराब होतं. धरणातून किती उचलणार, खालच्या नदीचं काय? टाळ्या प्रत्येकाला मिळाल्या. तिघंही शिकलेले, तिघंही कळकळीनं बोलत होते, आणि माझं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. यांचा श्वास मला ऐकू येत होता.

हे पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" यांनी हातानं थांब म्हटलं. बोलायला श्वास नव्हता.

माझ्याआधी दादा उठला. तो समोरून सगळ्यांसमोरूनच चालत आला, मंचाच्या पुढून. यांच्या खांद्यावर हात ठेवला, चेहरा पाहिला आणि मला म्हणाला, "केव्हापासून हाय हे?"

"सकाळपासून थोडं. आत्ता वाढलं."

"चला पाव्हने. उठा."

मी पिशवी उचलली. यांनी माझा हात धरला. तुटक तुटक म्हणाले, "तू थांब. कोनीतरी... बोललं पायजे."

"मला नाही बोलायचं काही. मी येते."

दादा म्हणाला, "थांब, बाई. मी नेतो. गाडीत दोघं असलो काय आन तिघं असलो काय." तेवढ्यात त्याच्या बाजूचे दोघं उठून आले होते. त्यातला एक दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, पुढचा नंबर तुमचा हाय. दुसरं कोनी नेईन. तुमी नोका जाऊ."

दादानं खिशातून गाडीची किल्ली काढली. "मशीन बंद हाय इथलं. कुठं न्याचं थे मलेच मालूम," एवढंच तो म्हणाला. यांना काखेत धरून तो मागच्या दारानं बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी आतून ऐकला.

मी का थांबले, हे मला अजूनही कुणी विचारतं. यांनी सांगितलं म्हणून थांबले, एवढंच उत्तर माझ्याकडं आहे.

वरच्या गावांकडून एक तरुण माणूस दादाच्या जागी उभा राहिला. त्याला काही तयारी नव्हती. तो म्हणाला, आमचे बोलणारे गेले, आमचा विरोध आहे एवढं लिहून घ्या, आणि खाली बसला. मग यांच्या जागी माझं नाव पुकारलं.

यांनी जे बोलायचं ठरवलं होतं ते मला पाठ होतं. आठवडाभर जेवताना तेच ऐकलं होतं. माइकसमोर उभी राहिले तर त्यातला एक शब्द आठवेना. डावीकडं दादाची खुर्ची रिकामी होती. मी बोलायला लागले आणि शाळेतली मराठी दोन वाक्यांनंतर संपली.

मी म्हटलं, "माह्या घरचे आत्ता दवाखान्यात गेले. त्याईले घेऊन गेला थो माहा भाऊ हाय. थो वरच्या गावाकडून बोलणार होता. थो नसताना त्याचं म्हणणं खोडणं मले बराबर वाटत नाई. म्हणून पयले मी त्याचं सांगतो, मंग माह्यं."

सभागृहात थोडी कुजबुज झाली. मी दादाचं सगळं सांगितलं, ओट्यावर त्यानं मला सांगितलं होतं तसं. शेवटची पाळी येत नाही, बगिचे वाळले, पाट जागोजागी फुटलाय, धरण कमी भरलं तर पहिल्यांदा पाट बंद होतो आणि त्याची भरपाई कुठल्याच कार्डावर नाही. त्याच्याच शब्दांत सांगितलं. उजवीकडून, आमच्याच बाजूनं, कुणीतरी म्हणालं, "बाई, आपलं बोला." मी म्हटलं, "बोलतो. आधी त्याचं होऊ द्या."

मग माझं सांगितलं. ते फार नव्हतं. डाळ शिजत नाही इथपासून सुरू केलं. मी म्हटलं, कार्ड चांगलं आहे, पण ते माणूस आजारी पडल्यावर कामाला येतं. आमच्या शाळेतल्या लेकरांना मला कार्ड द्यायचं नाही, पाणी द्यायचं आहे. पाट दुरुस्त करा आणि त्यातून वाचेल ते आम्हाला द्या, माझ्या भावाचं तोडून देऊ नका, पण द्या. एवढं बोलून मी खाली उतरले. टाळ्या वाजल्या की नाही, मला आठवत नाही. मंचावरच्या अधिकारी बाई वाकून काहीतरी लिहीत होत्या. मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. त्यानं उचलला नाही.

दादाकडं काय घडलं ते मला नंतर कळलं. जवळच्या दोन ठिकाणी यांना घेतलं नाही, पुढं न्या म्हणाले. शेवटी तो जिल्ह्याबाहेरच्या एका दवाखान्यात पोचला. तिथं मशीन होतं, जागाही होती. पण काउंटरवरच्या माणसानं कार्ड पाहून सांगितलं की मंजुरी आमच्या नेहमीच्या दवाखान्याची आहे, इथं नव्यानं घ्यावी लागेल. यांचा अंगठा लागेना. दादानं किती वाद घातला, कुणाकुणाला फोन केले, ते त्यानं मला सांगितलं नाही. यांनी सांगितलं. हे अर्धवट शुद्धीत स्ट्रेचरवर होते आणि यांना दादाचा आवाज ऐकू येत होता. "भाऊ कधी चिडत नाईत," हे म्हणाले, "थ्या दिवशी चिडले." एका वयस्कर डॉक्टरनं येऊन कागद नंतर पाहू म्हटलं आणि यांना आत घेतलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. नंतर दादानं फोन करून दवाखाना सांगितला; मी संध्याकाळी पोचले तेव्हा हे मशीनवर होते आणि दादा बाहेर जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता.

"बोलली का?" त्यानं विचारलं.

"बोलले. आधी तुझं बोलले."

"माह्यं काऊन?"

"तू नव्हतास म्हणून."

त्यानं सरकून मला भिंतीशी जागा करून दिली. मग म्हणाला, "पाट फुटला म्हनून सांगितलं का?"

"सांगितलं."

काही महिन्यांनी निर्णय आला. पाइपलाइन मंजूर झाली. त्याच कागदात पाटाच्या दुरुस्तीचीही शिफारस होती. दुरुस्ती आधी आणि पाइपलाइन नंतर असं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि त्यामुळे पाइप आधी आले.

आमच्या गावात लोक मला विचारत, "मास्तरीणबाई, तुमी आपल्याकडून होत्या का त्यायच्याकडून?" कुणी हसून विचारायचं, कुणी न हसता. वरच्या गावात याहून वाईट झालं. बहिणीनं भावाला भर सभेतून उठवून बाहेर धाडलं, नवऱ्याचं दुखणं हे नाटक होतं, असं बोललं गेलं. दादाला समितीतून काढलं. पाटाच्या पाळीत त्याचा नंबर मागं जायला लागला, तक्रार केली तर कुणी ऐकेना. वहिनीनं मला फोन केला. ती कधी जास्त बोलत नाही. म्हणाली, "तुमचा माणूस वाचला, चांगलं झालं. पण यायची गावातली इज्जत गेली, आन तुमी त्याच सभेत पानी मिळवलं. मी काय समजू?"

मी म्हटलं, "वहिनी, मी दादाचंच आधी बोलले."

"थे तिथं कोन आयकलं?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही.

त्या काळात दादा यायचा, यांना गाडीत बसवायचा, न बोलता गाडी चालवायचा. यांनी दोनतीनदा विषय काढून पाहिला. दादा "हाव" म्हणायचा आणि पुढं पाहायचा. हे मागं वळून माझ्याकडं बघायचे. त्या शांततेनं मला जेवढं थकवलं तेवढं दवाखान्यानंही थकवलं नव्हतं.

पाणी आलं तेव्हा उन्हाळा होता. आळीत नळाला तोटी बसवली होती आणि बायांनी सकाळपासून घागरी लावून ठेवल्या होत्या. आधी गढूळ आलं, मग हवा, मग स्वच्छ. मी एक गडवा भरून घरी आणला. यांना दिवसाचं पाणी ठरलेलं, त्यातलं सकाळच्या गोळ्यांबरोबर गेलेलं. हे खाटेवर बसले होते. मी विचारलं, "देऊ का?" हे म्हणाले, "दोन घोट दे." तोंडात धरून बसले, लवकर गिळलं नाही. मग गडवा सासूबाईंकडं दिला. सासूबाई वरून धार धरून पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "याले काई चवच नाई बापा."

हे हसले. हसताना खोकला आला आणि मी पाठीवर हात फिरवत राहिले.

आता ते पाणी येतं, कधी येतं, कधी नाही. आमच्या शाळेत टाकी बसली आहे. मुलं ते पितात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. वर पाटाचं काम अजून झालेलं नाही. मोजणी करून गेले, खुणा करून गेले. दादानं बगिच्याचा खालचा तुकडा काढून टाकला, झाडं तोडून तिथं हरभरा पेरला. मी पाहायला गेले होते. खोडं बांधावर रचलेली होती. वहिनीनं मला चहा दिला, आणि जाताना ओटीत दोन संत्री घातली. फार बोलली नाही, पण दारापर्यंत आली.

मधे निवडणुका होऊन गेल्या. गावात सभा झाल्या, त्यात कार्डाची घोषणा होती, पाण्याची होती, सातपुड्याच्या जंगलाचीही होती. मी एकाही सभेला गेले नाही. कुणीतरी घरी येऊन म्हणालं, बाई, तुमी बोलता चांगलं, आमच्या मंचावर या. मी शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून सांगितलं, आणि त्या खरंच होत्या.

परवा दवाखान्यातून येताना दादा आपणहून बोलला. बऱ्याच दिवसांनी. गाडी चालवता चालवता यांना म्हणाला, "पाव्हने, एक सांगा. थ्या दिवशी मी बोललो असतो, तर पाट आधी झाला असता का?"

हे डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. पण म्हणाले, "नसता झाला."

"काऊन नसता?"

"तुमी चांगलं बोलले असते. मी तुमच्याहून चांगलं बोललो असतो. आन त्यायनं जे कराचं थेच केलं असतं."

"असं कसं? आमचे लोकं एक झाले असते तर..."

"एक कुठं होते? तुमच्यातच वरच्या पाटाचे आन शेवटच्या पाटाचे वेगळे."

"थे खरं हाय," दादा म्हणाला, "पन तरी..." आणि मग दोघं सुरू झाले. शेवटच्या पाटाच्या लोकांना काय हवं होतं, धरण पूर्ण भरलं तर काय, नाही भरलं तर काय. हे मधेच बाजू बदलून दादाच्या बाजूनं बोलू लागले, आणि दादानं ते ओळखून गाडी थोडी हळू केली. मी मागच्या सीटवर दप्तर उशाला घेतलं. वह्या तपासायच्या होत्या, त्या घरी जाऊनच होणार होत्या. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता माझा डोळा लागला.